घुबड, बँक आणि एक जेवण

प्रश्न : वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीच्या, आवारातले रस्ते वरून पाहिले की चक्क घुबड दिसतं. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय बँक परदेशी सावकारांच्या मुठीत होती आणि त्यांनीच ही खूण जमिनीवर उमटवून ठेवली, असं एका व्हिडिओत ऐकलं. यात तथ्य किती? – एक वाचक

उत्तर : घुबड दिसतं, यात वाद नाही. उपग्रहचित्र मीही पाहिलंय. कुणी एकदा ‘ते बघ घुबड’ म्हटलं की मग दुसरं काही दिसेनासंच होतं. पण माझी उभी हयात बँकेत लेजर तपासण्यात गेली, त्यामुळे माझा हात आधी तारखांकडे जातो. बँकेची सनद १७९१ची, मुदत २० वर्षांची. १८११मध्ये नूतनीकरण सिनेटमध्ये समसमान मतांवर अडलं आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांनी विरोधात मत देऊन बँकेचा निकाल लावला. ते वळणदार रस्ते आखले उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी, १८७४पासून पुढे. बँक बुडून नव्हे, मुदत संपून ६३ वर्षं झाली होती. तिच्या मालकांपैकी खूण उमटवायला कोण शिल्लक होतं?

ओल्मस्टेडपुढची अडचण वेगळीच होती. जागा जेमतेम ५० एकर, मध्ये अवाढव्य इमारत, कडेला येऊन भिडणारे २१ रस्ते आणि आत शिरायच्या ४६ जागा. एवढी वर्दळ सरळ रेषांत बसवली असती तर आवाराच्या चिंधड्या झाल्या असत्या. म्हणून वाटा वळवल्या. इमारत दोन्ही अंगांनी सारखी, तेव्हा वाटाही जोडीजोडीने आल्या. आणि गोलांची जोडी दिसली की माणसाला डोळे दिसायलाच लागतात.

घुबडच हवं असेल तर खरं म्हणजे फिलाडेल्फियाला जायला हवं. तिथली दुसऱ्या राष्ट्रीय बँकेची इमारत विल्यम स्ट्रिकलंड यांनी अथेन्सच्या पार्थेनॉनवरून बेतली. पार्थेनॉन हे ग्रीक देवी अथीनेचं मंदिर, आणि घुबड हा अथीनेचा पक्षी! व्हिडिओवाल्यांच्या नजरेतून हे कसं सुटलं, नवल आहे.

आता परदेशी मालकीचं. हे मात्र हवेतलं नाही. पहिल्या बँकेचं भांडवल १ कोटी डॉलर, ४०० डॉलरचा एक असे २५,००० शेअर. पाचवा हिस्सा सरकारचा, तोही सरकारने १८०२पर्यंत विकून टाकला. १८११च्या सुमारास सुमारे १८,००० शेअर परदेशी लोकांकडे होते. पण सनदेतली अट वाचा : संचालक अमेरिकेचा नागरिकच हवा, आणि देशाबाहेर राहणाऱ्याला मुखत्यारामार्फत मत देता येणार नाही. म्हणजे लाभांश मिळायचा, कारभारात तोंड घालता यायचं नाही. याला मूठ म्हणत नाहीत.

कॅपिटॉलची जमीन आणि पैशाचं राजकारण यांचा संबंध हवा असेल तर तो आहे, आणि उघड्यावर आहे. जून १७९०, न्यूयॉर्क. परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्या घरी अर्थमंत्री हॅमिल्टन आणि व्हर्जिनियाचे संसद सदस्य मॅडिसन जेवायला आले. (हकीकत सांगणारे एकटे जेफरसन, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरूनच चला.) हॅमिल्टनना राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातली कर्जं केंद्राने उचलायला हवी होती; दक्षिणेकडच्या राज्यांना राजधानी पोटोमॅक नदीवर हवी होती. सौदा जमला. जुलैत राजधानीचा कायदा, ऑगस्टमध्ये कर्जाचा. मधली दहा वर्षं राजधानी फिलाडेल्फियाला.

पुढच्याच वर्षी बँकेचं विधेयक आलं तेव्हा दक्षिणेकडच्यांना घोर लागला : २० वर्षांची बँक फिलाडेल्फियात बसली, तर राजधानी तिथून हलेल का? घटनेत बँकेला आधार नाही, हा जेफरसन यांचा आक्षेप सगळे सांगतात. ही धास्ती फारसं कुणी सांगत नाही. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी या आक्षेपावरचं हॅमिल्टनचं उत्तर वाचून २५ फेब्रुवारी १७९१ला सही केली. १८००मध्ये सरकार पोटोमॅककाठी गेलं; बँकेचं मुख्यालय शेवटपर्यंत फिलाडेल्फियातच राहिलं.