धर्म, पंथ आणि संप्रदाय या शब्दांत नेमका फरक काय?

तिन्ही शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात, पण त्यांचा आवाका सारखा नाही. ‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून आला असून, ‘शेजारधर्म’, ‘राजधर्म’ किंवा पदार्थाचे ‘गुणधर्म’ म्हणताना आपण कर्तव्य वा स्वभाव हा त्याचा जुना अर्थच वापरत असतो. इस्लाम, ख्रिस्ती, बौद्ध अशा श्रद्धाव्यवस्थांचे नाव म्हणून होणारा वापर आज अधिक रूढ आहे, इतकेच. ‘पंथ’ म्हणजे मार्ग, आणि म्हणून एका धर्माच्या शाखेला तो शोभतो: शिया आणि सुन्नी हे पंथ आहेत, स्वतंत्र धर्म नव्हेत. ‘संप्रदाय’ या शब्दात ‘दा’ म्हणजे देणे हा धातू आहे. गुरूकडून शिष्याकडे आलेली परंपरा त्यात अभिप्रेत असते, जसे नाथ संप्रदाय. अर्थात सीमारेषा काटेकोर नाही, कारण ‘नाथपंथ’ हेही तितकेच रूढ आहे.

या फरकाचे महत्त्व राज्यघटनेच्या उद्देशिकेत दिसते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या ‘सेक्युलर’ या शब्दासाठी हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’, तर मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ असा शब्द आहे. माझ्या मते हिंदी पर्याय अधिक नेमका आहे, कारण कर्तव्य या अर्थाच्या धर्माबाबत राज्याने निरपेक्ष राहणे अपेक्षितच नाही.