लॉगबुकात ‘फोर्ड सिएरा’, दारात स्पोर्ट्स कार

तुमच्यासारखी पत्रं मला दर उन्हाळ्यात येतात. तुमचं उत्तरासाठी निवडलं, कारण तुमच्याकडे अजून थोडी मुदत असू शकते.

थोडक्यात प्रकार असा. चार महिन्यांपूर्वी तुम्ही खासगी विक्रेत्याकडून ६,८०० पौंडांना लोटस सेव्हन या जुन्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची, सुट्या भागांच्या संचातून घरी जोडलेली किट कार घेतलीत. जाहिरातीत ‘नोंदणी व्यवस्थित, कागदपत्रं पूर्ण’ असं लिहिलं होतं. नव्या लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रात, मात्र गाडी ‘फोर्ड सिएरा, सलून’ निघाली. सिएरा ही डोनर गाडी, तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स तेवढे या गाडीत आहेत. तुम्ही डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याकडे, नोंदीत दुरुस्ती मागितलीत. त्यांचं उत्तर आलं की ही ओळख राहणार नाही, आयव्हीए चाचणी (एकेका गाडीची सरकारी तपासणी) करून नव्यानं नोंदणी करा. विक्रेता म्हणतो, ‘सगळ्यांचं असंच असतं, ३०० पौंड देतो, विषय संपवा.’ तुम्हाला पैसे परत हवेत.

डीव्हीएलएशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. जुनी ओळख टिकवायला त्यांच्या हिशेबात मूळ गाडीची चासी महत्त्वाची असते. तुमची चासी किटबरोबर आलेली आहे, म्हणजे तो रस्ता बंद. गाडी १९९८ च्या आधी जोडली गेली असेल आणि तसे पुरावे विक्रेत्याकडे असतील, तर कदाचित वेगळं काही निघेल. त्यावर मी भिस्त ठेवणार नाही.

तुमचं प्रकरण एकाच गोष्टीवर ठरेल: खोटं कळल्यानंतर तुम्ही काय केलंत आणि किती दिवस गप्प बसलात.

चुकीच्या माहितीवर झालेला व्यवहार रद्द करता येतो. पण खरं कळल्यावरही तुम्ही गाडी आपली मानून वापरत राहिलात, तर तो हक्क जातो. १९५८ चा लाँग विरुद्ध लॉइड हा निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. एकानं ‘उत्तम स्थितीत’ म्हणून लॉरी घेतली. पहिल्या फेरीतच दोष दिसले. विक्रेत्यानं डायनॅमोचा निम्मा खर्च देऊ केला, तो यानं मान्य केला आणि लॉरी पुन्हा लांबच्या फेरीवर पाठवली. ती वाटेत बंद पडली. कोर्ट म्हणालं, दोष कळूनही तुम्ही व्यवहार पत्करलात, आता लॉरी परत करता येणार नाही. तुमचे ३०० पौंड म्हणजे तोच डायनॅमो आहे. ते घेऊ नका. घेतले असतील तर आजच परत पाठवा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीनं मला खरोखर त्रास झाला तिच्याकडे येतो. लॉगबुक आल्यानंतर तुम्ही कार्ब्युरेटर बदललेत आणि तीन शनिवार-रविवार गाडी फिरवलीत. का? लॉगबुकातल्या डी.५ या बॉडीच्या प्रकाराच्या रकान्यात ‘सलून’ छापलेलं तुमच्या डोळ्यांसमोर होतं आणि दारात दोन सीटांची, बिनदारांची गाडी उभी होती. पैसे देताना तुम्ही विक्रेत्याचं लॉगबुक उघडून वाचलं नाहीत, तेही मला पटत नाही. पण त्यानं दावा बुडत नाही, कारण ‘तपासायची संधी होती’ हा बचाव १८८१ सालापासून चालत नाही. नंतरचं वागणं मात्र नडू शकतं.

आपल्याला व्यवहार रद्द करता येतो हेच माहीत नव्हतं, असं तुम्ही म्हणू शकता. या युक्तिवादाला कायद्यात जागा आहे. पण हे उत्तर वाचून झालं की ती जागाही उरणार नाही. म्हणून आजच गाडी थांबवा. जुना कार्ब्युरेटर फेकला नसेल तर तो जपून ठेवा. विक्रेत्याला पत्र लिहा: कोणतं विधान खोटं होतं, ते तुम्हाला कधी कळलं, तुम्ही व्यवहार रद्द करत आहात, गाडी त्यानं घेऊन जावी आणि चौदा दिवसांत पैसे परत करावेत. ई-मेल पाठवाच, टपालानंही पाठवा आणि पोचपावती ठेवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहे का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. नसेल तर आधी तो शोधा, कारण सगळा दावा त्या चार शब्दांवर उभा आहे.

रद्द करण्याचा हक्क गेला असं कोर्टानं ठरवलं तरी १९६७ च्या मिसरेप्रेझेंटेशन (खोट्या विधानांबद्दलच्या) कायद्याखाली नुकसानभरपाई राहते. आपल्या विधानावर विश्वास ठेवायला वाजवी कारण होतं, हे त्यात विक्रेत्यानं सिद्ध करायचं असतं. ‘सगळ्यांचं असंच असतं’ या त्याच्या उत्तरावरून त्याला ते जड जाईल असं दिसतं. मुदत सहा वर्षांची आहे, पण ती आहे म्हणून पत्र लांबवू नका. तो दरवर्षी अशा गाड्या जोडून विकत असेल, तर तो व्यापारी ठरू शकतो आणि ग्राहक कायद्यामुळे तुमची बाजू बरीच भक्कम होईल. त्याच्या जुन्या जाहिराती पाहा.

रक्कम १०,००० पौंडांच्या आत आहे, म्हणजे साधारणपणे स्मॉल क्लेम, छोट्या रकमेचा दावा. मे २०२४ पासून अशा बहुतेक दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आणि मोफत आहे. ती मनापासून करा, कारण पुढे सुनावणीला वर्षभर सहज जातं आणि तेवढा काळ गाडी तुमच्याच दारात उभी राहील. कोर्टांच्या या संथपणाचं समर्थन मी करू शकत नाही. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये असाल तर तिथला सॉलिसिटर गाठा.

विमा कंपनीलाही आजच लेखी कळवा. पॉलिसी ‘सिएरा’च्या नावावर असेल तर अपघातानंतर दावा कापला जाऊ शकतो, आणि जाणूनबुजून लपवलंत असं दिसलं तर पॉलिसीच रद्द धरली जाऊ शकते.

आणि आयव्हीएची वेळ इतक्यात घेऊ नका. चाचणीसाठी कडांना ट्रिम लावणं, स्टिअरिंग सरळ करून घेणं अशी कामं तुम्ही सुरू केलीत, तर विक्रेत्याचा वकील कोर्टात पहिलं बोट त्याच पावत्यांवर ठेवेल.