बाळासाठी कापडी डायपर वापरताना प्रत्यक्षात कोणत्या अडचणी येतात?

कापडी डायपरचा खरा त्रास बाळ वरचे अन्न खाऊ लागल्यावर, म्हणजे साधारण 6 महिन्यांनंतर सुरू होतो. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे तोपर्यंत डायपरची संख्या जास्त असली तरी धुणे सोपे असते. पुढे मात्र प्रत्येक वेळी शी शौचालयात टाकून, डायपर खळबळून मगच मशीनमध्ये घालावा लागतो, आणि या कामातून सुटका नाही.

वासाचाही प्रश्न असतो. जिवाणूंमुळे लघवीतील युरियाचे अमोनियात रूपांतर होते, म्हणून रात्रभर वापरलेल्या डायपरला सकाळी डोळ्यांना झोंबेल असा उग्र वास येतो. असा डायपर उठल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळून पिळावा आणि मळके डायपर बंद डब्यात न कोंडता हवेशीर टोपलीत ठेवावेत. फॅब्रिक सॉफ्टनर कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून कापड पाणी शोषेनासे होते. गळती होत असेल तर आधी मांडीजवळचे इलॅस्टिक सैल आहे का ते पाहावे. नव्या सुती घड्या (डायपरच्या आत ठेवायचे शोषक कापड) तर काही धुण्यांनंतरच पूर्ण क्षमतेने शोषू लागतात.

डाग उन्हात फिके पडतात, त्यांची चिंता नको. ओलाव्याने त्वचेवर येणाऱ्या पुरळाची मात्र काळजी घ्यावी: दर 2-3 तासांनी आणि शी होताच डायपर बदलावा. प्रवासात किंवा घरातील सगळेच थकलेले असताना वापरून फेकायचे डायपर निःसंकोच वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.