दूरदूरच्या सिम्युलेटरांवर घेतलेली चाचणी कितपत ग्राह्य?

प्रश्न : लढाऊ विमानाचा सिम्युलेटर एका ठिकाणी, क्षेपणास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही नेटवर्कने जोडून शस्त्राची चाचणी, असे वाचनात आले. प्रशिक्षणासाठी हे पटते. पण शस्त्राच्या मूल्यमापनासाठी अशा निकालांवर विसंबता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण हे तंत्र मुळात प्रशिक्षणासाठीच जन्माला आले. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘सिमनेट’ प्रकल्पात रणगाड्यांचे सिम्युलेटर जोडले गेले. समोरच्या रणगाड्याची ताजी माहिती येईपर्यंत त्याच्या आधीच्या वेगावरून प्रत्येक संगणक त्याची जागा अंदाजाने दाखवत असे. हा अंदाज थोडा चुकला तरी शिकाऊ सैनिकाचे फारसे बिघडत नाही. लक्ष्य हेरून त्याचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राच्या शोधक यंत्रणेचे मात्र बिघडते.

मूल्यमापनात हे कितपत चालते, याचा छडा लावण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याने १९९४ मध्ये ‘जेएडीएस’ (जॉइंट अॅडव्हान्स्ड डिस्ट्रिब्युटेड सिम्युलेशन) हे संयुक्त पथक स्थापन केले. त्याच्या एका चाचणीत कॅलिफोर्नियातील चायना लेक या नौदल केंद्रातील एफ/ए-१८ लढाऊ विमानाचा सिम्युलेटर हल्लेखोर होता, त्याच राज्यातील पॉइंट मुगू येथील एफ-१४ लढाऊ विमानाचा सिम्युलेटर लक्ष्य होता, आणि विमानातून विमानावर डागल्या जाणाऱ्या साइडवाइंडर क्षेपणास्त्राची खरी यंत्रणा चायना लेकच्याच प्रयोगशाळेत जोडलेली होती. येथे खरा शत्रू म्हणजे नेटवर्कवरून संदेश पोहोचण्यातला विलंब. क्षेपणास्त्र आणि लक्ष्य सेकंदाला १,००० मीटर वेगाने एकमेकांकडे येत असतील, तर ०.१ सेकंदाच्या उशिरात त्यांच्यातील अंतर १०० मीटरने बदलते. लक्ष्य सरळ उडत असेल, तर संदेशावरील वेळेची नोंद पाहून ही चूक भरून काढता येते. पण वैमानिकाने ऐनवेळी जोराचे वळण घेतले की तो हिशेब कोलमडतो, आणि नेमके ते वळणच तर तपासायचे असते!

याउलट, जमिनीवरील हालचाल टिपणाऱ्या जॉइंट स्टार्स विमानाच्या बाबतीत या पद्धतीचा चांगला उपयोग झाला. खऱ्या चाचणीसाठी हजारो वाहने मैदानात उतरवणे जवळपास अशक्य. म्हणून संगणकाने निर्माण केलेली आभासी वाहने उडत्या विमानाच्या रडारचित्रात खऱ्या वाहनांबरोबर मिसळण्यात आली. टेहळणी, निर्णय, तोफखान्याला आदेश हा सारा व्यवहार सेकंदांत आणि मिनिटांत चालतो, त्यामुळे नेटवर्कचा किंचित उशीर तेथे खपून जातो.

तेव्हा आपल्या प्रश्नाला सरसकट होकार किंवा नकार देता येणार नाही. दोन घटक एकमेकांना क्षणार्धात प्रतिसाद देत असतील, उदाहरणार्थ रडार आणि त्याला चकवणारे जॅमर, तर ते शक्यतो एकाच छताखाली ठेवून बाकीचे युद्धक्षेत्र दुरून जोडावे, असे आमचे मत आहे. शिवाय प्रत्येक केंद्रातील घड्याळे जुळलेली असावीत आणि प्रत्येक फेरीतील विलंब मोजून निकालासोबत नोंदवलेला असावा; ज्या अहवालात ही नोंद नाही, त्यातील चुकलेला नेम क्षेपणास्त्राचा की नेटवर्कचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.