बेरेनिकेला सातवाहनांची नाणी कशी पोहोचली?

प्रश्न : इजिप्तमधील बेरेनिके या ओसाड बंदरात बुद्धमूर्ती आणि सातवाहनांची नाणी सापडल्याचे वाचले. हे बंदर कोणते, आपल्याकडील नाणी तेथे कशी गेली आणि पुढे ते का उजाड झाले? (एक वाचक, पैठण)

उत्तर : बेरेनिके हे इजिप्तच्या दक्षिण भागात, तांबड्या समुद्राच्या काठी इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तचा ग्रीक वंशाचा राजा दुसरा टॉलेमी याने वसवलेले बंदर. आईचे नाव त्याने त्याला दिले. युद्धासाठी लागणारे आफ्रिकी हत्ती जहाजांतून येथे उतरवले जात. भारताशी चालणाऱ्या व्यापाराने त्याची खरी भरभराट झाली ती रोमन काळात. जहाजे उन्हाळ्यात येथून निघून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परतत. बंदरात उतरलेला माल उंटांवर लादून वाळवंटातून नाईलकाठच्या कोप्टोसला नेत. रोमन लेखक प्लिनीने या वाटेला बारा दिवस लागत असल्याचे नोंदवले असून, उन्हामुळे बराचसा प्रवास रात्री होई, असेही तो सांगतो.

आपण विचारलेली बुद्धमूर्ती संगमरवराची, ७१ सेंटिमीटर उंचीची असून तिच्या मस्तकामागे प्रभावळ आहे. त्याच उत्खननात रोमन सम्राट फिलिप (इ.स. २४४–२४९) याच्या काळातील संस्कृत लेख आणि इ.स. दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाणी मिळाली. ही बातमी २०२३ साली जाहीर झाली. मात्र दोन नाण्यांवरून सातवाहनांचा तेथे अंमल होता, असे मानणे चूक ठरेल. त्या काळी इजिप्तच्या बाजारात परके नाणे चालत नसे. म्हणून ती एखाद्या नाखव्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या कनवटीला राहून गेलेली असावीत, असे मला वाटते.

नाण्यांपेक्षा मला अधिक बोलका वाटतो तो मिऱ्यांचा रांजण. सेरापिस या ग्रीक-इजिप्ती देवाच्या देवळाच्या अंगणात, जमिनीत पुरलेला हा रांजण भारतीय घडणीचा असून, त्यात सुमारे ७.५ किलो काळी मिरी जशीच्या तशी राहिली होती. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा भारतीय कुंभाराने घडवलेले भांडे समुद्र ओलांडून परक्या देवाच्या दारी पोहोचले, ही गोष्ट राजमुद्रेपेक्षा मला मोठी वाटते. तेथील घरांच्या बांधकामात वापरलेले सागवानही आपल्याकडचेच होते; मोडीत निघालेल्या जहाजांचे लाकूड पुन्हा कामी आले असावे. एका खापरावर तमिळ-ब्राह्मी लिपीत कोर्रा हे नाव कोरलेले आहे. म्हणजे आपली माणसे केवळ माल देऊन परतली नव्हती, काही तेथे राहिलीही होती.

आता उजाड होण्याविषयी. येथे नदी नाही. पण वाळवंटातील कोरडे ओढे क्वचित पावसाने भरून वाहताना गाळ आणत आणि बंदराचे मुख बुजत जाई. त्यामुळे वस्ती पाण्यामागे पूर्वेकडे सरकत गेली. गोडे पाणी तर मुळातच गावात नव्हते. ते काही किलोमीटर आत असलेल्या, सैनिकी ठाण्यांनी राखलेल्या विहिरींवरून आणावे लागे. असे शहर व्यापाराच्या जोरावरच तगते. इ.स. तिसऱ्या शतकात उतरती कळा लागली, चौथ्यात पुन्हा उभारी आली. पण पुढे व्यापार इतर बंदरांकडे वळला आणि सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेरेनिके रिकामे झाले. १८१८ मध्ये इटालियन शोधक बेल्झोनीने हे अवशेष ओळखले, तर पद्धतशीर उत्खनन १९९४ पासून सुरू झाले.