सहा वर्षांच्या मुलीला कचऱ्याबद्दल आणि पृथ्वीच्या काळजीबद्दल कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी शाळेत ‘पृथ्वी वाचवा’चं चित्र काढते आणि घरी बिस्किटाचा कागद गॅलरीतून खाली टाकते. मीही नागपुरातलीच, दोन मुलांची आई. माझ्या मते तिला समजावण्यात वेळ घालवू नका. टाकलेली वस्तू पुढे कुठे जाते, ते तिला बघू द्या.

आमचं घर वाठोड्याकडे. वारा फिरला की भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाचा वास घरात येतो. मुलगा लहान असताना रोज विचारायचा, “आई, हा वास कशाचा?” एकदा त्याला गाडीवर बसवून नेलं आणि लांबूनच तो कचऱ्याचा डोंगर दाखवला. “यात आपलाही कचरा आहे?” त्याने विचारलं. मी “आहे” म्हटलं आणि त्या दिवशी आणखी काही बोलले नाही.

मग पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही एका मोठ्या कुंडीत चार वस्तू पुरल्या: केळ्याचं साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि चिप्सचं पाकीट. दिवाळीच्या साफसफाईत उकरलं. सालीचा पत्ताच नव्हता, कागद मातीत मिसळून गेला होता, चिंधी हात लावताच फाटली. पाकीट मात्र धुतल्यावर त्यावरची किंमतही वाचता आली. मुलीने ते अजून खिडकीत जपून ठेवलंय. हा प्रयोग तुम्ही नक्की करा. खर्च काही नाही, फक्त धीर लागतो.

कबाडीवाले काका आले की मुलांना त्यांच्याजवळ बसू द्या. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, प्रत्येकाचा ढीग वेगळा आणि भावही वेगळा. चिप्सचं पाकीट ते घेत नाहीत. त्यात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. हे कळल्यावर माझ्या मुलाने स्वतःहून पाकिटं कमी केली. दुधाची पिशवी कापतानाही कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, हे आता तोच मला सांगतो. सुटलेला तुकडा नालीत जातो. नाली नाग नदीला मिळते, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि थेट बंगालचा उपसागर. मुलीने नकाशावर ही सगळी वाट बोटाने गिरवली. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही.

ओल्या कचऱ्यासाठी झिरपणारा जुना माठ घ्या, बुडाशी भोकं पाडा. सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या, भाज्यांची देठं, चहाचा चोथा सगळं चालतं. हिवाळ्यात संत्र्याच्या साली ढिगाने निघतात. त्या अख्ख्या टाकल्या तर लवकर कुजत नाहीत, म्हणून तुकडे करायचं काम पोरांचं. प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा हवाच, नाहीतर वास येतो, अळ्या होतात. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात माठ पार सुकतो, कुजणं थांबतं. सावलीत ठेवून रोज पाण्याचा शिपका द्या.

एका गोष्टीची आधीच तयारी ठेवा. मुलीने वेगळा करून दिलेला ओला-सुका कचरा एकदा गाडीत तिच्या डोळ्यांसमोर एकत्र ओतला गेला. ती रडली, आणि मलाही फार वाईट वाटलं. “मग आपण कशाला वेगळा करायचा?” मी खोटं सांगितलं नाही. चूक झाली, पण ओलं आपल्या माठात आणि सुकं काकांकडे गेलं तर गाडीत ओतायला उरतं किती, ते तिलाच मोजायला लावलं. आता तीन दिवसांतून एक लहानशी पिशवी निघते.

‘टाकाऊतून टिकाऊ’च्या प्रकल्पांवर माझा भरवसा नाही. शाळेच्या एका प्रकल्पासाठी मी थर्माकोल आणि चकाकी विकत आणली होती. आठ दिवसांत ते सगळं कचऱ्यात गेलं. त्यापेक्षा घरात तान्हा पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, जुना लाकडी बैल असेल तर तो काढा. आमच्याकडचा माझ्या सासऱ्यांच्या लहानपणचा आहे. एक चाक बदललंय, दोनदा रंग दिलाय. मुलं तोच घेऊन बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागत घरोघर फिरतात. यंदा मुलीने नव्या बैलाचा हट्ट केला नाही, फक्त शिंगांना नवं बेगड लावून मागितलं.