वाचकांचे प्रश्न : कळ दाबली की कर्सर जातो कुठे?

प्रश्न : टचस्क्रीनसाठी वेबपेजवर मराठी कीबोर्ड बनवतो आहे. कळ दाबली की मजकुराच्या चौकटीतला कर्सर नाहीसा होतो. प्रत्येक क्लिकनंतर चौकटीला फोकस (टाइप केलेलं जिथे उमटतं तो मान) परत देऊन पाहिला. पण कीबोर्ड लुकलुकतो, कधी गायबच होतो.

उत्तर : फोकस परत देण्याची वेळच येऊ देऊ नका. ब्राउझर फोकस हलवतो तो ‘माउसडाउन’ला, म्हणजे बटण दाबल्याच्या इव्हेंटला (ब्राउझर कोडला देतो त्या सूचनेला). ‘क्लिक’ त्यानंतर, दाबून सोडल्यावर येतं. तोवर चौकटीचा ‘ब्लर’ (फोकस जाणं) होऊन गेलेला असतो. ब्लर झाला की कीबोर्ड लपवायचा, असा कोड तुम्ही लिहिला असणार. मग बोटाखालची कळच नाहीशी होते आणि क्लिक पोचत नाही.

कीबोर्डच्या सर्वांत बाहेरच्या डिव्हवर (वेबपेजवरचा साधा चौकोनी भाग) माउसडाउन ऐका आणि तिथे ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ करा, म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती अडवा. एकेका कळीवर नको. दोन कळींमधल्या फटीत बोट पडलं तरी फोकस जातो. बटणाऐवजी डिव्ह वापरून हे टळत नाही. ‘टॅबइंडेक्स’ उणे १ केल्यानंही नाही, तो फक्त टॅब कळीपुरता. माउसडाउन अडवला तरी क्लिक येतं. ‘टचस्टार्ट’ (बोट टेकल्याचा इव्हेंट) अडवलात तर तेही जातं.

अक्षर मात्र ‘पॉइंटरडाउन’वरच (बोट किंवा माउस टेकताक्षणीच्या इव्हेंटवर) उमटवा. दोन अंगठ्यांनी भराभर लिहिताना पहिला उचलायच्या आत दुसरा टेकतो, आणि क्लिकच्या भरवशावर राहिलं तर अक्षरं गळतात. फोनचा स्वतःचा कीबोर्ड उघडू नये म्हणून चौकटीला ‘इनपुटमोड’ ‘नन’ द्या.

मजकूर घालायला चौकटीची ‘सेटरेंजटेक्स्ट’ ही आज्ञा उत्तम, पण शेवटचा पॅरामीटर ‘एंड’ हवा, नाहीतर कर्सर नव्या अक्षराच्या आधीच राहतो. त्यातून ‘इनपुट’ इव्हेंट (मजकूर बदलल्याची सूचना) आपोआप निघत नाही, तो आपण पाठवायचा. चौकटीचा प्रकार ‘नंबर’ किंवा ‘ईमेल’ असेल तर सेटरेंजटेक्स्ट सरळ एरर देतं. तिथे ‘टेक्स्ट’ ठेवा.

प्रश्न : हाच कीबोर्ड विंडोजवर स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून केला तर?

उत्तर : तिथे पूर्ण विंडोच सक्रिय होते, म्हणून कळींना ‘फोकसेबल नाही’ (फोकस घेत नाही) असं ठरवून भागत नाही. विंडोच्या एक्स्टेंडेड स्टाइलमध्ये (तिच्या जादा सेटिंग्जमध्ये) ‘नोअ‍ॅक्टिव्हेट’ लावा, म्हणजे दाबलं तरी ती सक्रिय होत नाही. आणि अक्षरं विंडोजच्या ‘सेंडइनपुट’ या आज्ञेनं, युनिकोड फ्लॅगसह (कळीऐवजी थेट अक्षर पाठवायची खूण) पाठवा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उमटणार नाहीत, आणि त्याचं कारण एरर कोडवरूनही कळत नाही. त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलमध्ये) ‘यूआयअ‍ॅक्सेस’ ही परवानगी लागते. पण तेव्हा प्रोग्रॅमवर डिजिटल सही हवी आणि तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’सारख्या सुरक्षित फोल्डरात बसवलेला हवा.